गप्प बाईचा हिरवा दिवा

आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या उत्तरेकडं एका खेड्यातला दवाखाना. नर्स एकटी अफियावी, तीही दूर दक्षिणेकडची, आणि बाळंतपणाला आलेल्या बाया कधी चार, कधी नऊ. म्हणून तर ते यंत्र आलं. सगळे त्याला कानोसा म्हणायचे. आत आणि बाहेर ओसरीवर, छताला लावलेली ताटलीएवढी चकती. ती प्रत्येक बाईचा आवाज वेगळा ओळखायची, आवाजातली वेदना मोजायची आणि त्या बाईच्या मनगटावरच्या पट्टीत दिवा लावायची. लाल म्हणजे हिला आधी बघा, हिरवा म्हणजे ही थांबू शकते. आणि खरंच, कितीतरी बाया वाचल्या त्यानं. अफियावी आता दिवे बघूनच धावायची.

त्या सकाळी बाके आली. पहिलटकरीण, सोबत सासू न्योन. या गावातल्या बारिबा बायांची रीत अशी, की कळा सोसताना तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ओरडली तर माहेराची अब्रू गेली. न्योननं तर सहा बाळंतपणं अशीच मुकाट काढलेली.

आत बाजारपेठेतली एक परगावची व्यापारीण जोरजोरात ओरडत होती. तिचा दिवा लालभडक.

"ऐका," न्योन शेजारच्या बायांना हसून म्हणाली, "काटा रुतला तरी गाव गोळा करतील या. आणि आमची सून बघा."

ओसरीवरच्या बाकड्यावर बसलेल्या बाकेनं अंगावरच्या कापडाचं टोक दातात घट्ट धरलं होतं. कपाळावर घामाच्या धारा, पण आवाज नाही. अफियावी घाईघाईनं जवळून गेली, जाता जाता तिनं पट्टीकडं बघितलं. हिरवी.

"छान चाललंय तुझं. आलेच हं."

ती गेली. बाकेनं तिचा हात धरायला हात उचलला होता, पण तो अर्ध्यातच राहिला. थोड्या वेळानं ती सासूला हळूच म्हणाली, "आई, आता दुखायचं थांबलं."

न्योनला वाटलं, चला, विसावा मिळाला पोरीला. पण गर्भपिशवी फाटली की कळा अशाच अचानक थांबतात. बाके बाकड्यावरून घसरली, तेव्हाही तिचा दिवा हिरवाच होता. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर ती गेली. बाळही गेलं.

अफियावीनं यंत्रवाल्यांना फोन लावला. तिकडचा माणूस नरमाईनं बोलला. "बाई, आम्ही सगळं तपासलं. यंत्र बरोबर होतं. तिच्या आवाजात वेदना नव्हतीच."

"तिनं आवाजच काढला नव्हता," अफियावी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

पुढच्या वर्षी न्योन धाकट्या सुनेला, बोनाला, बाळंतपणासाठी घेऊन आली. कळा सुरू होत्या, पण मनगटावरचा दिवा हिरवाच. आत दोन बाया ओरडत होत्या, दारं बंद.

"ओरड," न्योन म्हणाली.

बोनानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. लहानपणापासून गिळायलाच शिकलेली ती, एकदम कुठून ओरडणार?

"अगं, मी सांगतेय ना. माझ्यासाठी ओरड."

बोना नुसती रडली, तेही आवाज न करता.

मग न्योन उठली. ओसरीवरच्या चकतीच्या बरोबर खाली उभी राहिली आणि ओरडली. सहा बाळंतपणांचं, बाकेचं, सगळं एकदम बाहेर आल्यासारखी ओरडली. बोनाची पट्टी काही बदलली नाही. यंत्राला माहीत होतं, हा आवाज तिचा नाही.

पण अफियावी दार उघडून धावत आली. धापा टाकत तिनं बाकड्यावरच्या बायांकडं बघितलं. एकूण एक पट्टी हिरवी.

"कुणाला दुखतंय?" तिनं विचारलं.