एकवीस किलो जास्त

गाडी सरळ उभी आहे की नाही, हे ओळंब्याला लांबूनच कळायचं. गॅरेजच्या मिस्त्रीला गवंड्याच्या दोरीचं हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं, आणि त्यात थट्टा कमी, खरेपणा जास्त. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं लटकलं तरी या माणसाला घास गोड लागत नसे. त्यामुळे धाकट्या बहिणीची गाडी गॅरेजच्या दारात आली, तेव्हा ती उतरायच्या आधीच तो म्हणाला, "मागून डावीकडे बसलीये ही."

बहिणीनं नुसती मान हलवली. डोंगरावरच्या दवाखान्यात ती परिचारिका होती. वाटेत अकरा वळणं आणि डाव्या हाताला दरी. गेले काही महिने प्रत्येक उजव्या वळणावर गाडी दरीकडे झुकते, असं तिचं म्हणणं. एक दिवस ही मला घेऊन खाली जाईल, असंही ती म्हणाली, पण आज भाजी आणायला उशीर होईल म्हणावं तशा आवाजात. तो आवाज त्याला अजिबात आवडला नाही.

गाडी विकून टाक, हे तो तिला दोन वर्षं सांगत होता. पालथ्या घड्यावर पाणी. याच गाडीच्या मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, तिची मुलगी तापानं गेली होती. दवाखाना चार वळणांवर राहिला होता. सात वर्षांची पोर. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरत नसे.

विकत नाही, तर निदान झुकू तरी नये, म्हणून त्यानं बाहेरच्या कंपनीचे जाड स्वे बार मागवले. स्वे बार म्हणजे गाडीच्या पोटाखालून आडवी जाणारी पोलादी कांब. दोन बाजूंची चाकं ती एकमेकांशी बांधते. वळणावर एक बाजू दबली की दुसरी तिला सावरून धरते. पुढचा आणि मागचा, दोन्ही जुने बार काढून नवे चढवण्यात सकाळ गेली. शेवटचे नट त्यानं नुसते हातानं लावून ठेवले.

कारण त्याचा एक नियम होता, आणि बाकीचे मिस्त्री त्याला हसायचे. रिकाम्या गाडीचे शेवटचे नट तो कधीच आवळत नसे. रोज जे बसतात त्यांना आपापल्या जागी बसवायचं, चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे आणि मग पाना फिरवायचा. भिंगरीला हा कार्यक्रम फार आवडायचा. मागे बसून ती इतकी वळवळायची की काट्याची सुई ठरत नसे, आणि मामाला गाडीखालून ओरडावं लागायचं, "हलू नकोस गं!" नंतर ती एका काट्यावर एकटी उभी राहायची आणि तो तिचं वजन खडूनं भिंतीवर लिहायचा. पुढच्या सीटचा तिचा हट्टही त्यानंच मिटवला होता: तीस किलो भरलीस की पुढे बस, चाळीस भरलीस की चालव. मामानं शब्द दिलाय, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. भिंतीवरचा शेवटचा आकडा एकवीस होता. तो पुसायचा त्याला धीर झाला नव्हता.

बहीण स्टिअरिंगमागे बसली. त्यानं चार काट्यांची बेरीज केली. गाडी आणि बहीण मिळून भरायला हवं त्यापेक्षा एकवीस किलो जास्त, आणि त्यातलं बहुतेक मागच्या डाव्या चाकावर.

भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्यांना तो चहासुद्धा विचारत नसे. त्यानं डिकी रिकामी केली, स्टेपनी उतरवली. सीटखाली एक रिकामी बाटली निघाली, बाकी काही नाही. काटे आपसांत बदलले. मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून डावीची उजवीकडे घातली. हिशेब तोच राहिला. फक्त मागच्या डाव्या काट्याची सुई सारखी थरथरत होती.

तो पाना घेऊन गाडीखाली सरकला. सुई थरथरतच होती. वैतागलेला माणूस सवयीनं बोलतो, तसं त्याच्या तोंडून निघून गेलं, "हलू नकोस गं."

सुई थांबली.

फरशीच्या गारव्यात तो किती वेळ तसाच पडून राहिला, त्याचं त्यालाच माहीत. नट सोडून द्यावे, तर गाडी पुन्हा झुकणार, आणि ती अकरा वळणं उद्याही होती. आणि खरं सांगायचं तर, त्यालाही भिंगरी हवी होती. ती मागे बसली आहे असं धरून त्यानं नट आवळले. बाहेर येऊन पाहिलं, तर गाडी अगदी समतल उभी होती.

महिन्याभरानं गाडी परत आली. या खेपेला पुढून डावीकडे दबलेली. मागे काही नव्हतं. पुढे, बहिणीशेजारच्या रिकाम्या सीटवर, तीस किलो. सीटवरून पट्टा लावलेला होता.

"नाही लावला तर गाडी वाजत राहते," बहीण म्हणाली. तिचा चेहरा भरला होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. ती काहीतरी गुणगुणत होती.

काही दिवस गाडी इथे राहू दे, मी तुला सोडत जाईन, असं त्यानं तिला परोपरीनं विनवलं. ती ऐकेना. शेवटी त्यानं मुकाट्यानं नट पुन्हा जुळवले.

भिंगरीला दम कधी नव्हताच. पंधराच दिवसांनी भर दुपारी गाडी दारात उभी राहिली. आता उजवीकडे दबलेली.

बहीण डाव्या दारानं उतरली.

त्यानं जॅक लावला, काटे सरकवले. मग उजवं दार उघडून आत पाहिलं. बहीण चांगली उंच. तिची सीट नेहमी पार मागे असायची. आता ती पुढच्या शेवटच्या खाचेत होती. तिथे मोठ्या माणसाचे गुडघे मावले नसते.

रिकाम्या गाडीपेक्षा चाळीस किलो जास्त.

"किल्ली दे," तो म्हणाला. "गाडी इथून हलणार नाही."

"माझ्याकडे कुठे आहे किल्ली?" ती म्हणाली. ती वळसा घालून डावीकडे बसली आणि पट्टा लावला. "दादा, नट आवळ ना. आम्हाला उशीर होतोय."

त्यानं तिच्या दाराची कडी ओढली. दार आतून लावलेलं होतं. पुढच्या उजव्या काट्याची सुई थरथरू लागली.

तो चाकाशी गुडघे टेकून बसला.

"हलू नकोस गं," तो म्हणाला.

सुई थांबली नाही.