माणसात तुटणारी साखळी

कुत्र्याच्या लहान आतड्यात एक हजार तीनशे सात कृमी होते. डॉ. सगुणा कोकरेने ते दोनदा मोजले. प्रत्येक कृमी तांदळाच्या कणीएवढा, तीन किंवा चार पेरांचा. शेवटच्या पेरात अंडी भरलेली. वाढीवरून वय निघाले साठ दिवस. चूक झालीच, तर तीन दिवसांची.

सरदार नावाचा हा कुत्रा मेषवन केंद्राच्या राखणीचा होता. तिथे चार हजार पेशीजुळ्या मेंढ्या होत्या, सगळ्या एकाच मेंढीच्या पेशींपासून वाढवलेल्या. 'निर्दोष कळप' हे प्रमाणपत्र टिकवायचे, तर केंद्रात मेलेला प्रत्येक प्राणी तपासणीला पाठवावा लागे. कुत्रा गाडीखाली सापडला, आणि संचालक यशोधन इनामदारांनी तो स्वतः प्रयोगशाळेत आणून दिला.

या कुत्र्यांची देखभाल सगुणाचा भाऊ मायाप्पा करायचा. तो त्रेसष्ट दिवसांपासून बेपत्ता होता. "न सांगता पळाला," असे इनामदार म्हणाले होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख ठकार सर सूक्ष्मदर्शकावर वाकले. "हे आले कुठून? कुत्र्याला हे मिळतात फोडवाल्या काळजातून, म्हणजे यकृतातून. मेंढीच्या काळजात पाण्याचा फोड होतो, त्यात यांची पिल्लं असतात. कुत्रा ते काळीज खातो."

"चारही हजार मेंढ्यांच्या पोटाची सोनोग्राफी गेल्या महिन्यात झालीय, सर. एकीलाही फोड नाही. कुत्रे आवाराबाहेर कधी जात नाहीत, खाणं कारखान्यातून शिजवून आलेलं."

"मग काय आकाशातून पडले?"

"फोड माणसालाही होतो. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हाताला लागतात, हात तोंडात जातो. आमच्या वाडीत दर तिसऱ्या घरात आहे."

"होतो की. पण माणसात ही साखळी तुटते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे."

"का तुटते?"

सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोके वर केले.

"माणसाचं काळीज कुणी कुत्र्यापुढे टाकत नाही, म्हणून," सगुणा म्हणाली.

मायाप्पाला फोड होता, लहानपणी कळपामागे हिंडताना झालेला. एका अंड्यातून एक फोड होतो आणि त्यातली लाखो पिल्ले त्याच अंड्याच्या प्रती असतात. प्रत्येक वंशाची जनुकीय खूण वेगळी. तिला वंशमुद्रा म्हणत. मायाप्पाच्या फोडातले थोडे पाणी तपासणीसाठी काढले, तेव्हा सगुणानेच त्याची मुद्रा नोंदवली होती. शस्त्रक्रियेच्या रजेसाठी तो अहवाल घेऊन इनामदारांकडे गेला. प्रमाणपत्रात कामगारांचे आरोग्यही धरत, त्यामुळे एक आजारी माणूस म्हणजे कळप सदोष. "कागद फाड म्हणतोय," मायाप्पाने फोनवर सांगितले होते. "म्हटलं, मी तपासनिसालाच दाखवतो." तो त्याचा शेवटचा फोन.

संध्याकाळपर्यंत कृमींची वंशमुद्रा हाती आली. ती मायाप्पाची होती.

चौकशी नऊ दिवस चालली. "बाईंच्या शीतपेटीत भावाचं पाणी, बाईंच्याच टेबलावर आमचा कुत्रा," इनामदार म्हणाले. "थेंब इकडचा तिकडे व्हायला कितीसा वेळ लागतो?" केंद्रातले उरलेले कुत्रे तोवर जाळून झाले होते. रोग पसरू नये म्हणून, असे कारण नोंदले होते. प्रकरण मिटले.

बाहेर व्हरांड्यात इनामदारांनी तिला गाठले. "राग धरू नका, सगुणाताई. दुःख मलाही आहे. अहो, शेवटच्या दिवसापर्यंत सरदार माझ्या ताटातलं खायचा. गाल चाटायचा."

"हात धूत होतात ना, साहेब?"

"घरच्या कुत्र्याचा कसला विटाळ!"

"बरोबर," ती म्हणाली.

ठकार सर जिन्यावर थांबले होते. त्यांनी सगळे ऐकले होते. "अंडी आत्ताच पोटात गेली असतील, तर महिनाभराच्या गोळ्यांनी काम भागेल. सांगितलंस त्याला?"

"त्यांनी विचारलं नाही."

"सगुणा, तुझ्या कपाटात आहेत त्या गोळ्या."

"आहेत. आणि त्या अंड्यांतही मायाप्पाचीच मुद्रा आहे. कुत्रे जाळता आले, सर. आता पुरावा कुठे असेल, ते त्यांना ठाऊक नाही. फोड वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो. त्यातलं पाणी मी काढणार नाही. मी या शहरातसुद्धा नसेन, म्हणजे थेंब इकडचा तिकडे झाला असं कुणी म्हणणार नाही."

"आणि फोड मध्येच फुटला तर? माणूस दहा मिनिटांत जातो."

"तर शवविच्छेदन होईल."

सर जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी सगुणाने दूरच्या विद्यापीठात बदली मागितली. तिथे ती मेंढपाळांना हातमोजे वाटायची, त्यांच्या कुत्र्यांना औषध द्यायची. रोज सकाळी ती राष्ट्रीय नोंदवही उघडून पाही. देशात कुठेही फोड निघाला, की त्याची मुद्रा तिथे उमटत असे आणि यंत्र ती जुन्या सगळ्या मुद्रांशी ताडून पाहत असे. असे तिने एक हजार सातशे तीस दिवस केले.

एक हजार सातशे एकतिसाव्या दिवशी नोंद आली.

रुग्ण : यशोधन इनामदार, वय अठ्ठावन्न. यकृताचा उजवा खंड. एक फोड, व्यास सत्तेचाळीस मिलिमीटर. तुलना केलेल्या मुद्रा : एक लाख बारा हजार चारशे सहा. जुळलेली मुद्रा : एक. मायाप्पा कोकरे, चोवीस खुणांपैकी चोवीस.