डायरीतली पद्मजा

गोराईच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत उभ्या असलेल्या अस्मिताच्या कानात भसकन काहीतरी घुसलं. वळून बघते तर चार्टपेपरची लांबलचक गुंडाळी, आणि गुंडाळीमागे एक उंच, ओशाळलेला मुलगा.

"सॉरी... लागलं का?"

"छे. कान साफ करून हवाच होता."

"मग दुसराही करून देऊ?"

हसू आलं होतं तिला, पण दाखवतेय कशाला. बोटीत बसल्यावर कळलं, हा सर्वेश. घाटकोपरचा. तिच्याच एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या, वर्गात उशिरा दाखल झालेला, आणि फील्डवर्कलाही तिच्याच जोडीला, खाडीपलीकडच्या गोराई गावात. मासे विकायला बाजारात जाणाऱ्या बायकांना मुलांसाठी पाळणाघर हवं होतं. ते बायकांनीच उभं करायचं आणि या दोघांनी त्यांच्या मागे उभं राहायचं, असं ते काम.

मग काय, आठवड्यातून तीन दिवस बोट, सभा, अंगणात रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा. बोटीतली सावलीची जागा तो तिच्यासाठी बॅग टाकून अडवायचा. ती डब्यातलं थालीपीठ बरोबर मधोमध मोडायची. चार महिन्यांत अस्मिता त्याच्या प्रेमात पडली, उगाच आडवळणाने कशाला सांगा. पठ्ठ्या मात्र काही बोलेल तर शपथ.

फील्डवर्कची डायरी रोज लिहावी लागे. कॉलेजातल्या वसुधा मॅडमचा नियम कडक होता: ज्यांच्याबद्दल लिहाल, त्यांची नावं बदला. अस्मिताच्या डायरीत बायकांच्या गटाच्या म्होरक्या माणिकमावशी 'शेवंताबाई' झाल्या होत्या. एकदा सर्वेश चहा आणायला गेला आणि त्याची डायरी बाकावर उघडी राहिली. दुसऱ्याची डायरी वाचू नये, हे अस्मिताला चांगलं ठाऊक होतं. तिने वाचली.

'पद्मजा हसली की सभेत जान येते.' आणि खाली, 'आज पद्मजा आली नाही. काम झालं, पण दिवस फुकट गेला.'

अस्मिताच्या अंगाचा तिळपापड झाला. पद्मजा कोण हे ओळखायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. गावातल्या बालवाडीची निधी टीचर, दुसरं कोण? सभेत पहिल्या रांगेत बसते. सारखं आपलं 'सर्वेशसर, सर्वेशसर'. परवा तर त्याला सुक्या बोंबलांची पुडी दिली.

"निधीने दिलेले बोंबील कसे होते रे?"

"झकास. का गं?"

"सहज. काटे टोचले नाहीत ना?"

"बोंबलाला कुठले काटे?"

"मला काय माहीत. मला कोण देतंय..."

महिनाभर ती अशीच जळत राहिली. बरं, निधी वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती बिचारी अस्मिताला 'ताई' म्हणायची, ते तर जास्तच झोंबायचं. पाळणाघराच्या समितीत निधीचं नाव घालायचं अस्मिता आठवडाभर टाळत राहिली, आणि आपण हे का करतोय ते कळून स्वतःचीच लाज वाटली. शेवटी तिने अर्ज लिहिला: पुढच्या सत्रात मुलुंडची वस्ती मिळावी. कारण, प्रवासाची दगदग. बोरीवलीत राहणारीने शेजारची गोराई सोडून लांबचं मुलुंड मागायचं, आणि कारण प्रवास. मॅडम काय खुळ्या होत्या?

अर्ज चार वाजता द्यायचा होता. परतीच्या बोटीत तो तिच्या हातात सर्वेशला दिसला.

"मुलुंड? अगं, पुढच्या महिन्यात पाळणाघर उघडतंय."

"तुझी पद्मजा आहे ना. ती बघेल."

तो कानापर्यंत लाल झाला. "तू... वाचलंस?"

"वाचलं. निधी चांगली आहे. तुला शोभेल." शेवटच्या शब्दाला आवाज फुटलाच.

"निधीचं काय मध्येच? निधी म्हणजे डायरीतली मीनल."

"मग पद्मजा कोण?"

त्याने डायरीचं पहिलं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. 'आज जेट्टीवर पद्मजाच्या कानात माझी गुंडाळी गेली. पद्मजा म्हणाली, कान साफ करून हवाच होता.'

अस्मिताला कुठे बघावं कळेना. महिनाभर ती गावात पद्मजा शोधत होती. आपल्याबद्दलही कुणी लिहीत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझं नाव बदललंस?"

"नियम आहे ना... ज्यांच्याबद्दल लिहायचं—"

"आणि मॅडम हे वाचतात?"

"दर शनिवारी." त्याने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. लाल शाईत मॅडमचा शेरा होता: 'पाळणाघराबद्दल कमी, पद्मजाबद्दल फार. पद्मजाची संमती घेतली आहे का?'

"मग? घेतलीस?"

"हिंमत नाही झाली. तीन शनिवार हेच विचारतायत." तो पाण्याकडे बघत होता, मग तिच्याकडे बघायला लागला. "आता विचारतो. मला तू आवडतेस, अस्मिता. खूप. मुलुंडला जाऊ नकोस."

तेवढ्यात समोर बसलेल्या माणिकमावशींनी हात पुढे केला. "पोरी, एखादा कागद आहे का गं? सुकटीची पुडी फाटली."

अस्मिताने मुलुंडचा अर्ज त्यांना देऊन टाकला.

"निधीचं नाव आजच समितीत घालते," ती पुटपुटली.

"आणि माझ्या प्रश्नाचं?"

तिने त्याच्या खिशातलं पेन काढलं, लाल शेऱ्याखाली 'संमती आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली, स्वतःच्या खऱ्या नावाने.