अकरा घमेली कमी

माती खोटं बोलत नाही, असं सतीश सगळ्यांना सांगत असे. वाशीमला त्याची माती तपासायची लहानशी प्रयोगशाळा होती आणि बारा वर्षांत निम्म्या जिल्ह्याची काळी माती त्याच्या चाळणीतून गेली होती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरवर पाया घेणाऱ्याच्या भिंतींना दोन वर्षांत तडे देते. मुरूम लागेपर्यंत खणायचं, तिथून पाया उचलायचा, बस. पण या वेळी घर बापाचं होतं आणि त्याचा जीव उगाच वरखाली होत होता.

बाप देवमन सत्तरीचा, वजनाला जेमतेम चोपन्न किलो. त्याने आणि सतीशच्या आईने, विमलबाईने, उभी हयात रिठद गावाच्या आसपास दुसऱ्यांची घरं बांधण्यात घालवली. पायाच्या खड्ड्यात माती भरली की दोघं उतरायची आणि अनवाणी पायांनी ती तुडवून बसवायची. स्वतः मात्र भाड्याच्या खोलीत राहिली. आता कुठे गावाबाहेर हक्काचा प्लॉट झाला होता आणि त्याच्या कडेला टिनाचं शेड टाकून दोघं घराची वाट बघत होती. मरायचं तर आपल्या छताखाली, एवढंच देवमनचं म्हणणं. सतीशने तसा शब्द दिला होता.

एप्रिलच्या भर उन्हात खड्डा खणला. सात फुटांवर पिवळा, घट्ट मुरूम लागला. सतीशने नमुने पिशव्यांत भरले. जमीन अगदी हवी तशी होती.

रामधन मिस्त्री मात्र अडून बसला. त्याला जुन्या लोकांची परीक्षा करायची होती. निघालेली माती त्याच खड्ड्यात परत घालायची. उरली तर जागा चांगली, कमी पडली तर वाईट. सतीशला हसू आलं. खणलेली माती मोकळी होते, एका खड्ड्याची सव्वा खड्डा होते, ती उरणारच. "करा," तो म्हणाला. "तुमचंबी समाधान होऊन जाऊ द्या."

निम्मी माती गेली तेव्हा देवमनने चपला काढल्या.

"घरधन्यानं तुडवू नोये भाऊ," रामधन म्हणाला. "मजूर हाये ना."

"कायले मजूर? लोकायचे पाये तुडवण्यात जिंदगी गेली माही. माह्या घरची माती म्याच तुडवीन."

तो उतरला. पाय एका लयीत पडत होते, चेहरा असा उजळला होता की सतीशला भरून आलं. रामधन घमेल्यामागून घमेलं ओतत होता. ढीग संपला. देवमन वर आला.

खड्डा वीतभर रिकामा होता.

तुडवल्याने माती दबते, पण इतकी नाही. सतीशने टेप लावला, हिशेब केला. अकरा घमेली कमी होती. त्याने ढिगाची जागा झाडून पाहिली, आजूबाजूला पाहिलं. माती कुठेच नव्हती. रामधनने चहा घेतला नाही. हत्यारं पिशवीत टाकून तो गेला आणि पुन्हा फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी देवमनच्या बाजेची पट्टी तुटली. तिसऱ्या दिवशी दुसरी. "आंग जड वाटून राह्यलं," तो म्हणाला, "बाकी काई नाई." जेवण होतं तेवढंच होतं, गालफडं होती तशीच बसलेली. सतीश प्रयोगशाळा बंद ठेवून तिथेच राहिला. चौथ्या दिवशी त्याला बापाच्या चपलांचे ठसे दिसले. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते, बैलाचा खूर तिच्यात उमटत नाही. हे ठसे बोटभर खोल होते.

संध्याकाळी त्याने शेजारच्या शेतकऱ्याकडून सोयाबीन तोलायचा काटा आणला आणि बापाला वर उभं केलं.

दोनशे चौऱ्याहत्तर.

त्याने काटा बंद करून पुन्हा लावला. आकडा तोच. चोपन्न वजा केले. दोनशे वीस उरले. एका घमेल्यात वीस किलो माती मावते.

"बाबा, उद्या सकाळीच वाशीमला चला माह्यासंगं. हा प्लॉट नको आपल्याले."

"म्या कुठंच नाई जात." देवमन शांतपणे म्हणाला. "घर झाल्याबिगर तं नाईच."

सतीशने त्याचा दंड धरून ओढलं. हाड आणि कातडी, पण तो तसूभर हलला नाही. सतीशला भीती वाटली, आणि बापाची भीती वाटते याची लाजही वाटली.

सकाळी उजाडलं तेव्हा बाज रिकामी होती.

ठसे शेडच्या दारातून निघाले होते. आधी बोटभर. मग घोट्याएवढे. मग पोटरीएवढे. शेवटचा गुडघाभर खोल होता आणि तो खड्ड्याच्या काठावर होता.

खड्डा आता रिकामा नव्हता. माती काठोकाठ होती, वरून वाळलेली, भेगाळलेली, जणू तिथे कधी पहार लागलीच नाही.

सतीशने बापाचा फोन लावला.

घंटी वाजली. कानात, आणि अगदी बारीक, तळपायांखाली.

फोन उचलला गेला.

"बाबा? बाबा, कुठं हा तुमी?"

"आता हलकं वाटून राह्यलं रे," देवमन म्हणाला. आवाज नेहमीचा होता, जरा झोपाळलेला. "कर सुरू बांधकाम. खालून म्या धरलं हाये."

फोन बंद झाला. विमलबाई केव्हाची मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, तू शेडात जाय. म्या मशीन बलावतो. खणून काढू त्याइले."

विमलबाई जागची हलली नाही. ती त्या मातीकडे बघत होती.

"थे एकटेच कसे राहतीन?" ती म्हणाली.

सतीश मशीनवाल्याचा नंबर शोधत चार पावलं बाजूला गेला. पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणेपर्यंत त्याला मागे धप्, धप् असा सावकाश आवाज येऊ लागला. त्याने वळून पाहिलं. विमलबाईने लुगड्याचा काठ खोचला होता आणि ती अनवाणी खड्ड्यावरची माती तुडवत होती.