रबियाची बरणी

नीलेशला न्यूमोनिया झाला तेव्हा इथे आखातात, मिरकाब भागातल्या आमच्या इमारतीतल्या प्रत्येकीने डबा पाठवला. शेजारच्या रबियाने मात्र रिकामी बरणी आणून दिली. पांढऱ्या दगडाची, झाकणावर वानराचं डोकं. रबिया इजिप्तची, लक्सरकडची. हा हापी, म्हणाली. तिकडच्या जुन्या थडग्यांत मेलेल्याची फुप्फुसं हा सांभाळायचा.

"माझा नवरा अजून मेलेला नाही," मी फणकाऱ्यानेच म्हटलं.

"म्हणूनच वेळेवर आणली."

तो बरा झाला की रिकामी परत कर, असं तिने जाताना दोनदा बजावलं.

मी लॅबमध्ये काम करते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण नीलेशचा ऑक्सिजन रोज घसरत होता, आणि बुडत्याला काडीचा आधार. आयसीयूत काही नेऊ देत नव्हते, म्हणून बरणी घरीच त्याच्या उशीवर ठेवली. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर वानर पाहिलं आणि मारुती समजून हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून ऑक्सिजन चढायला लागला. डॉक्टरांनी श्रेय औषधाला दिलं, मीही दिलं. फक्त बरणीचं झाकण उचललं की आतून ओलं असायचं, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखं. एसीमुळे असेल, म्हणून मी पुसून टाकायचे.

नीलेश घरी आला. आठवडाभरात जिने चढू लागला. मग बरणी परत करायला काढली, पण रिकामं भांडं द्यायला हात धजेना. 'काही घालू नकोस हं' असं आपल्याकडे सगळ्याच म्हणतात आणि सगळ्याच घालतात. मी रव्याचे लाडू भरले.

रबियाने झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"मी रिकामी मागितली होती."

मी हसून लाडू काढायला हात पुढे केला. तिने बरणी मागे घेतली.

"अमानत होती ती, सांभाळायला ठेवलेली. आपली आपण नुसती परत घ्यायची. तू मोबदला दिलास. मग ती सांभाळणाऱ्याचीच होते."

कशाचा, मी विचारलं. छातीला कान लावून श्वास ऐकावा तशी तिने बरणी कानाला लावली आणि दार लावून घेतलं.

मला भीती वाटली. पळतच घरात आले.

नीलेश खिडकीशी चहा घेऊन बसला होता. चेहऱ्यावर तजेला होता.

"आवडले का लाडू तिला?"

मी हो म्हटलं.

चहा कढत होता. गाल फुगवून तो बशीवर फुंकर घालत होता. पुन्हा पुन्हा.

वाफ मात्र जराही न हलता सरळ वर जात होती.