पाऊण मीटरचं पाऊल

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी दगड चाटत होते.

मैत्रिणी यावर खूप हसतात, पण तांबड्या थरातला खडा जिभेला चिकटला तर त्यात चिकणमाती आहे असं समजायचं, ही भूशास्त्रातली अगदी साधी परीक्षा. औंधच्या डोंगराखाली, शाळूच्या रानाकडेला मी ती डोळे मिटून, मन लावून करत होते... आणि बांधावरून आवाज आला.

"मीठ पायजे का वाईच?"

डोळे उघडले. बारीक कापलेले केस, खांद्यावर कडब्याची पेंढी, आणि चेहरा इतका गंभीर की रागच यावा. हा वीरधवल. फौजेत नाईक होता, आणि शाळू काढायला सुट्टीवर गावी आला होता.

"मी सांगलीची. वल्लरी," मी खडा पिशवीत टाकत म्हणाले. "एम.एस्सी.साठी या डोंगराच्या थरांचा नकाशा करतेय. मोजमाप चाललंय."

"चाटून कवा मोजून व्हायचं?"

मोजायला दोन माणसं लागतात, आणि माझी जोडीदार साक्षी कांजिण्या येऊन घरी पडली होती. हे मी त्याला का सांगितलं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं.

दगड त्याला माझ्याआधी ओळखू यायचे. विहिरी खोदताना ऐकलेली नावं – काळा पाषाण, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, मुरूम. मी त्याला नखाने, मग खिळ्याने ओरखडा काढून कठीणपणा बघायला आणि त्यानुसार खडे पेटीच्या खणांत लावायला शिकवलं. तो खिळा घेऊन गंभीरपणे कामाला लागला.

"माणसांचं बी असं खणाखणांत लावता का मॅडम?"

"लावते कधी कधी."

"मग मी कुठल्या खणात?"

"नमुना अजून तपासायचाय," मी म्हणाले, आणि कान तापले म्हणून टोपी खाली ओढली.

तिसऱ्या दिवशी माझी टेप उसाच्या ट्रॉलीखाली सापडली आणि तुटली. मी रडकुंडीला आले. त्याने मात्र शांतपणे धूळ झटकली.

"फौजेत पाऊल पाऊण मीटरचं ठरल्यालं असतंय. सात वरसं तेच टाकतोय. मी चालतो, तुमी ल्ह्या."

मग चार दिवस आम्ही चाललो. तो मनात पावलं मोजायचा, मी शेजारून बडबडायचे, आणि आकडा न चुकता मधेच "व्हय", "न्हाई" म्हणणं त्याला कसं जमायचं देव जाणे. अशा अकरा रेषा झाल्या. आमचे सर सांगतात, दिसलं ते वहीच्या डाव्या पानावर लिहा, वाटलं ते उजव्या. त्या चार दिवसांत मला वाटलेलं कुठल्याच पानावर लिहिण्यासारखं नव्हतं. सोमवारी नकाशा द्यायचा होता, शनिवारी मिरजेहून त्याची गाडी होती, आणि त्याने अजून काही म्हटलं नव्हतं... मीही नव्हतं. एकदा गाडीत बसला की संपलंच, हे मला पक्कं कळत होतं.

शुक्रवारी सकाळी सांगलीहून नवी टेप आली. सहज म्हणून पहिली रेषा तपासली. त्याची चारशे पावलं, म्हणजे तीनशे मीटर. टेप म्हणाली, दोनशे चाळीस.

"सात वर्षं म्हणे," मी चिडून म्हणाले. "माझा सगळा नकाशा चुकलाय."

त्याचा चेहरा उतरला. तो एकटाच तीच रेषा चालून आला. तीनशे वीस पावलं. बरोब्बर दोनशे चाळीस मीटर.

मग मी मातीतच बसले आणि वही उघडून रेषा वेगळ्या करू लागले. दोन रेषांच्या वेळी मी बाभळीखाली चित्र काढत बसले होते, तो एकटा गेला होता. त्या दोन्ही टेपने मोजल्या. अचूक निघाल्या. उरलेल्या नऊ मी त्याच्या शेजारून चालले होते. त्यातल्या आणखी दोन तपासल्या, तर दोन्हींत त्याचं पाऊल साठ सेंटीमीटरचं निघालं. साठ माझं पाऊल. कॉलेजच्या मैदानावर मी ते स्वतः मोजलंय.

"माझ्याबरोबर चालताना तुम्ही पाऊल लहान करता," मी म्हणाले.

तो मान खाली घालून चपलेने खडा उकरत राहिला. "तुमी मागं ऱ्हात हुता... मग बोलणं ऐकू यीना."

मला रागवायचं होतं, पण इतका आनंद झाला होता की रागवायचं राहूनच गेलं. बोलायलाही वेळ नव्हता. सूर्य मावळायच्या आत नवातल्या उरलेल्या सहा रेषा टेपने पुन्हा मोजायच्या होत्या, आणि टेपचा छळ असा की दोघांना तीस मीटर लांब ठेवते. दिवसभर तो त्या टोकाला, मी या टोकाला. आमच्यात फक्त आकडे जात-येत होते.

शेवटच्या रेषेचा शेवटचा तुकडा त्यांच्या रानातूनच जात होता. शाळू काढणाऱ्या बायकांत त्याची आई मनुबाईही होत्या. टेप ताणली. आकडा काही येईना.

"मॅडम, एक इचारायचं हुतं," तो तिकडून मोठ्याने म्हणाला.

"इकडे येऊन विचारा."

"टेप सोडली तर परत धरावी लागंल." मग थोडा थांबून, "उद्या जातोय मी. दिवाळीला परत सुट्टी हाय. तवर... थांबशीला का माझ्यासाठी? आल्यावर मी सांगलीला येतो, तुमच्या वडलांस्नी भेटाय."

बायकांचे हात थांबले. मी आयुष्यभर ठरवून ठेवलं होतं की हे उत्तर हळू आवाजात, नजर खाली ठेवून द्यायचं. तसंच दिलं. पण टेपच्या त्या टोकाला ते पोचतं कुठलं?

"काय म्हणला?"

"थांबते म्हटलं," मी घसा फाडून ओरडले.

सगळ्या रानाने ऐकलं. मनुबाईंनी पदराने घाम पुसला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लेकाकडे वळल्या.

"ती थांबती म्हणती, ऐकलं न्हवं? आता त्यो आकडा सांग अन् भाकरी खायाला या दोगं."

आकडा होता सत्तावीस मीटर चाळीस. पण तो मला त्याच्याकडून तीनदा विचारून घ्यावा लागला, कारण दर वेळी तो वेगळाच सांगत होता.