ओ देऊ नकोस

मी डेस्मंड, मूळचा वसईचा. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. पण हे माझ्या बायकोच्या बाबतीत घडलंय आणि तेव्हा मी तिथे हजर होतो. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

डिसेंबर २०१७. परदेशातलं हॅलिफॅक्स शहर. साडेचारलाच काळोख पडायचे दिवस.

माझी बायको लुसी एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायची. कोरिन डेल. एकेकाळची हॉलिवूडची नटी! घरभर त्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो. फरकोट, मोत्यांची माळ, शेजारी एकाहून एक देखणे हिरो.

मॅडम लुसीला नेहमी "डिअर" म्हणायच्या. चुकूनही नावाने हाक नाही.

"तुझं नाव घ्यायला जीभ झिजते का बाईची?" मी चिडवायचो.

एकदा मॅडमनी तिला आपली कहाणी सांगितली. त्या याच घरात जन्मल्या. सिनेमासाठी ऐन विशीत घरातून पळाल्या. आई मागच्या दारात उभी राहून हाका मारत होती. यांनी ओ दिली नाही, वळूनही पाहिलं नाही.

स्टुडिओने त्यांचे केस रंगवले, बोलण्याची ढब बदलली, नावही बदललं. सिनेमे धो धो चालले. आई गेली तेव्हा शूटिंग चालू होतं, त्या आल्या नाहीत. पुढे नव्या मुली आल्या, कामं आटली, आणि म्हातारपणी त्या इथेच परतल्या.

"आई अजून हाक मारते, डिअर. संध्याकाळी. पण मी ओ देत नाही. दिली, तर जावं लागेल."

"बिचारीचा स्क्रू ढिला झालाय," मी म्हणालो. दोघंही हसलो.

त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं. मी लुसीला घ्यायला गेलो. ती आतल्या खोलीत मॅडमना सूप भरवत होती. मी किचनमध्ये बसलो.

अचानक लाइट गेले.

फ्रिजची घरघर थांबली. हीटिंगही थांबलं.

इतकी शांतता की माझे कान वाजायला लागले...

आणि मागच्या दाराबाहेरून...

"लु...सी..."

बाईचा आवाज. खेळायला गेलेल्या पोरांना घरी बोलावतात तसा.

मी दार उघडलं. गुडघाभर बर्फ. पावलाची एक खूण नाही.

"लु...सी..."

आवाज माझ्या अगदी समोरून आला. समोर कुणीच नव्हतं.

आणि आतून माझी बायको, सवयीने, वसईच्या घरात द्यायची तशीच...

"ओ! आले, आले!"

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

मी आत धावलो. मॅडमनी लुसीचा हात घट्ट धरला होता. त्या रडत होत्या. हसतही होत्या.

"थँक यू, डिअर," त्या म्हणाल्या. "लुसी माझंच नाव होतं."



मॅडमना पुन्हा कधी हाक ऐकू आली नाही. फेब्रुवारीत त्या झोपेतच शांतपणे गेल्या.

आम्ही हॅलिफॅक्स सोडलं, दुसऱ्या शहरात, व्हिटबीला आलो. वाटलं, सुटलो.

२०१९ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी बेसमेंटमधून वर आलो. मागचं दार सताड उघडं. लुसी अनवाणी, बर्फातून चालत निघालेली.

"लुसी! अगं लुसी!"

मी घसा फोडून ओरडत होतो. तिने वळूनही पाहिलं नाही.

तिला धरून आत आणलं. पाय बर्फासारखे गार. मी ते चोळत बसलो. मला रडू आवरेना.

"इतक्या हाका मारल्या, ओ का नाही दिलीस?"



"तू हाक मारलीस? अरे, मला फक्त तिचीच ऐकू आली."

तेव्हापासून मी उगाचच तिला हाक मारून बघतो. जिन्यावरून, वॉशरूमच्या दारातून, शेजारी बसलेली असली तरी.

कधी ओ येते...

कधी येत नाही.